पहिली-दुसरीचे शिक्षक व्हायचंय? डीएलएड, टीईटी आणि प्रत्यक्ष वर्गाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी खानदेशातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दरवर्षी अध्यापक विद्यालयातली मुलं-मुली आमच्याकडे आंतरवासितेला, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाला, येतात आणि मधल्या सुट्टीत खिचडी वाढता वाढता तेच तेच प्रश्न विचारतात. भाचे, पुतणे, मैत्रिणींच्या सुना फोनवर विचारतात ते वेगळेच. एकदाचं लिहून ठेवलं म्हणजे प्रत्येकाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला नको.

डीएड, डीटीएड आणि डीएलएड हे तीन वेगळे कोर्स आहेत का?

नाही. एकाच अभ्यासक्रमाची ही बदलत गेलेली नावं आहेत. आता कागदावर डीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षण पदविका. गावात मात्र अजून सगळे डीएडच म्हणतात आणि म्हणत राहतील. बारावीनंतर दोन वर्षं.

प्रवेशाला किती टक्के लागतात? विज्ञान शाखाच हवी का?

शाखा कोणतीही चालते. बारावीला खुल्या प्रवर्गासाठी ४९.५ टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४४.५ टक्के गुण लागतात. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ऑनलाइन प्रवेश राबवते. जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, जागा मिळाली तर आधी ती घ्या. फी कमी असते आणि जिल्ह्यातल्या शाळांशी तिचा रोजचा संबंध असतो.

एकेकाळी या कोर्सला प्रवेश मिळवायला ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांची मुलं रांगेत असायची. तालुक्या-तालुक्याला कॉलेजं निघाली. मग २०१२ पासून भरती थांबली, वर्गच्या वर्ग ओस पडले आणि अनेक कॉलेजांना कुलपं लागली. आज प्रवेश सहज मिळतो. म्हणून तो सहज घेऊ नका, एवढंच सांगेन.

मी बीएड केलंय. मला पहिली ते पाचवीला शिकवता येईल का?

नाही. २०१८ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बीएडवाल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. लहान मुलांना शिकवणं ही वेगळी विद्या आहे आणि बीएडचा अभ्यासक्रम तिच्यासाठी आखलेला नाही, असा त्या निकालाचा गाभा. सहावीपासून पुढे बीएड चालतं.

या निकालाने माझ्या दोन मैत्रिणींच्या मुलींचं नुकसान झालं, तरी मला तो पटतो. ‘पदवी मोठी, मग वर्ग छोटा का नाही जमणार?’ हा प्रश्न ज्याला पडतो त्याने एक आठवडा पहिलीत काढावा. सोमवारीच उत्तर मिळेल.

बालवाडी किंवा अंगणवाडीसाठीही डीएलएडच लागतं का?

अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे येते. तिथली सेविका त्याच गावची रहिवासी स्त्री असते आणि निवडीचे नियम वेगळे असतात. खासगी बालवाड्या, नर्सरी वगैरेंत पूर्वप्राथमिकचे छोटे-मोठे कोर्स चालतात. पण ते केल्याने जिल्हा परिषदेच्या पहिलीवर शिक्षक होता येत नाही. कोर्सचा पैसा भरण्याआधी एवढं नीट विचारून घ्या, कारण जाहिरातीत सगळ्यालाच ‘टीचर ट्रेनिंग’ म्हणतात.

नव्या शैक्षणिक धोरणाने, म्हणजे २०२० च्या, वय ३ ते ८ हा एकच ‘पायाभूत स्तर’ मानलाय. बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून. विचार उत्तम आहे. खाती मात्र अजून दोनच आहेत.

दोन वर्षांत नेमकं काय शिकवतात?

बालमानसशास्त्र, शिक्षणाचा इतिहास, प्रत्येक विषयाची अध्यापन पद्धती, कला, कार्यानुभव, आरोग्य. हे पुस्तकातलं. खरी मजा सरावात.

आधी सूक्ष्म अध्यापन. पाच-सहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र. एक दिवस फक्त प्रश्न विचारणं, एक दिवस फक्त फलकलेखन. विशी गाठलेली मैत्रीण ‘बाई, मला शू लागली’ असं म्हणून हसवते, आपणही हसतो आणि पाठ पडतो. तरी हे करायला हवं. आपण फळ्याकडे तोंड करून बोलतो, किंवा प्रश्न विचारून उत्तरही आपणच देऊन टाकतो, हे तिथेच पहिल्यांदा कळतं.

मग खरे वर्ग. आदल्या रात्री पाठाचं टाचण काढायचं: उद्दिष्टं, साहित्य, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फळा, मूल्यमापन. मार्गदर्शक मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहितात. पुढे आंतरवासितेत सलग काही आठवडे शाळेतच राहायचं: परिपाठ, हजेरी, वर्ग, पालकसभा, सगळं.

इथे एक जुनं दुखणं सांगते. मी शिकले त्या कॉलेजात (नाव राहू द्या) टाचणवह्या वरच्या वर्गाकडून विकत मिळायच्या. मीही दोन घेतल्या. ‘विद्यार्थी कृती’च्या रकान्यात ‘विद्यार्थी उत्तर देतील’ असं चाळीस पाठांत चाळीस वेळा लिहिलं. पुढे खऱ्या पहिलीत उभी राहिले तेव्हा विद्यार्थ्यांनी उत्तर दिलं नाही. एक जण बाकाखाली शिरला. त्याचं काय करायचं, यासाठी वहीत रकाना नव्हता.

तुमचं टाचण तुम्ही लिहा. आणि ‘विद्यार्थी उत्तर देतील’ऐवजी ते काय चुकीचं उत्तर देतील, ते लिहा. एवढी एक सवय लागली तरी दोन वर्षांचे पैसे वसूल.

पहिलीला काय, अ-आ-इ तर शिकवायचं असतं. ते अवघड कसं?

हा प्रश्न मुलं क्वचित विचारतात, त्यांचे वडील विचारतात.

आमच्याकडे अहिराणी बोलतात. मागे पहिलीत मी चित्रांचा तक्ता लावला होता. डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘हे काय?’ एक मुलगा ठसक्यात म्हणाला, ‘डोया.’ सरावाला आलेली छात्राध्यापिका लगेच म्हणाली, ‘नाही, डोळा म्हण.’ तो गप्प. मग केळी दाखवली. त्याला येत होतं, ‘केयी’. पण तो बोलला नाही. त्या दिवशी नंतर तो बोललाच नाही.

मुलगा चुकला नव्हता. त्याच्या घरात ‘ळ’ हा आवाजच नाही. आई ‘शाया’ म्हणते, आजी ‘शाया’ म्हणते, आणि शाळेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळतं की आपल्या आईला शाळेचं नावसुद्धा नीट येत नाही. आधी ‘बरोबर, डोया’ म्हणायचं. मग ‘पुस्तकात याला डोळा म्हणतात’ असं म्हणून दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायचे. मुलांना हा खेळ वाटतो: घरचा शब्द, पुस्तकातला शब्द. दिवाळीपर्यंत ‘ळ’ सगळ्यांना येतो आणि ‘डोया’ही शाबूत राहतो. तुमच्या जिल्ह्यात अहिराणी नसेल, पण काहीतरी असेलच. पावरी, कोरकू, गोंडी, वारली, मालवणी, उर्दू. डीएलएडच्या परीक्षेत ‘मातृभाषेचे महत्त्व’ यावर दीड पान लिहून येतं. तोंडातून आपोआप निघणारं ‘नाही’ आवरायला जास्त वेळ लागतो.

आणि वाचनाचं म्हणाल तर, बाराखडी सुरात म्हणता येणं म्हणजे वाचन नव्हे. क का कि की धडाधडा म्हणणाऱ्या मुलासमोर एकट्या ‘कु’वर बोट ठेवून बघा. तो मनात परत ‘क’पासून सुरू करतो आणि ओठ हलवत ‘कु’पर्यंत येतो. त्याला गाणं येतंय, अक्षर येत नाही. म्हणून अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न घेता गटाने घेतात. म, न, ग, र आणि काना एवढ्यावर मामा, नाग, गार, मान असे शब्द लगेच तयार होतात. पाचव्या दिवशी मूल खरा शब्द वाचतं आणि त्याच्या अर्थापाशी थांबतं. ‘नाग’ वाचून एक मुलगी दचकून मागे सरकली होती. तिला वाचता येऊ लागलं हे मला तेव्हा समजलं, नोंदवहीत खूण करायच्या आधी.

गणिताची भीती वाटते. कला शाखेची आहे. जमेल का?

पहिलीचं गणित तुम्हाला येतं. ते न येणं कसं असतं, हे विसरलात, अडचण ती आहे.

‘तेवीस’ लिहायला सांगा. वर्गातली चार-पाच मुलं ३२ लिहितील. त्यांनी जे ऐकलं ते लिहिलं: आधी ‘ते’, मग ‘वीस’. आपण मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र उलट. त्यात एकोणतीस. तीसचं नाव घेऊन बोलायचं, पण लिहायचे दोन आणि नऊ. ३९ लिहिणारं मूल ढ नसतं, ते मराठी नीट ऐकत असतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतं? विधानसभेपर्यंत विषय गेला, विनोदांचा पूर आला. मंगलाताई नारळीकर त्या विषय समितीच्या अध्यक्षा होत्या. जोडाक्षरांनी भरलेले ‘त्र्याहत्तर’, ‘ब्याण्णव’ मुलांना जड जातात, हे त्या शांतपणे समजावत होत्या. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिलीत तेवीस लिहून घेतलं असेल, देव जाणे. मी स्वतः दोन्ही वापरते. ‘वीस आणि तीन, म्हणजे तेवीस’. जुना शब्द टाकायचा नाही, पण त्याला पायरी द्यायची.

साहित्य म्हणाल तर झाडूच्या काड्या आणि रबर. दहा काड्या झाल्या की गठ्ठा बांधायचा. बांधायचा तो मुलांनीच, तुम्ही नाही. दोन गठ्ठे, तीन सुट्ट्या. ज्याने स्वतः गठ्ठा बांधलाय तो दहाव्या काडीला थांबतो, आणि ‘दशक’ त्याला व्याख्येविना समजतो. हजार रुपयांचा प्लॅस्टिकचा संच आमच्या कपाटात आहे. तो हरवू नये म्हणून कुलपात असतो.

टीईटी आणि टेट एकच ना?

नाही, आणि या नावांनी दरवर्षी पोरांना घोळात घातलंय.

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. राज्य परीक्षा परिषद घेते, २०१३ पासून. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकीला गुण कापत नाहीत. बालविकास व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीवला ५५ टक्के. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पूर्वी सात वर्षांची मुदत होती, ती काढली.

टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, ही भरतीसाठीची. २०० गुण, दोन तास, त्यात अभियोग्यता १२० आणि बुद्धिमत्ता ८०. इथे पास-नापास नसतं. मिळालेल्या गुणांवर ‘पवित्र’ या सरकारी शिक्षक भरतीच्या पोर्टलवरची निवड ठरते. ती २०१७ ला झाली, मग २०२३ ला, मग २०२५ ला. मधली अंतरं बघितलीत? त्या अंतरांत किती तरी मुलांनी किराणा दुकानं टाकली.

टीईटीतले बालविकासाचे ३० गुण पाठांतराने मिळत नाहीत. ‘मूल असं वागलं तर शिक्षकाने काय करावं?’ असे प्रश्न असतात. आंतरवासिता मनापासून केलेल्याला ते सोपे जातात.

टीईटी पास झाले म्हणजे नोकरी पक्की का?

नाही. क्रम असा: डीएलएड, टीईटी, टेट, पवित्रवर नोंदणी, पसंतीक्रम, निवड यादी, कागदपत्र पडताळणी, मग नेमणूक. प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं. ‘दोन लाख द्या, यादीत नाव आणतो’ म्हणणारे भेटतीलच. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचं प्रकरण उघड झालं तेव्हा हजारो उमेदवारांचे निकाल रद्द झाले. पैसे गेले ते गेलेच, नावही काळ्या यादीत.

पगार किती मिळतो?

पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन. पहिली ते आठवीसाठी ते महिना १६,००० रुपये आहे. २०२३ पर्यंत ६,००० होतं, म्हणजे गवंड्याच्या हाताखालचा माणूस जास्त कमवायचा. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी, मूळ वेतन २९,२०० पासून, वर भत्ते. खासगी शाळांचं विचाराल तर सहीचा आकडा आणि हातात पडणारा आकडा एकच आहे का, हे तिथे शिकवणाऱ्या बाईंना फाटकाबाहेर विचारा.

नोकरीत असलेल्यांनाही टीईटी द्यावी लागणार म्हणतात, खरं का?

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. पाच वर्षांहून कमी उरली असेल तर सूट, पण बढती हवी असेल तर द्यावीच लागेल. आमच्या केंद्रावर त्यानंतर केस पिकलेले गुरुजी मधल्या सुट्टीत बालविकासाची गाइडं वाचताना दिसू लागले. मलाही सहाव्या रांगेत बसून काळे गोल भरायचे आहेत. चष्मा बदलून घेतलाय.

चार वर्षांचा एकात्मिक कोर्स आला. मग डीएलएडला अर्थ उरला का?

नव्या धोरणानुसार २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बीएड ही शिक्षकाची किमान पात्रता व्हायची आहे. त्यात पायाभूत स्तराचा वेगळा गटही आहे. बारावी होऊन बसला असाल, घरची तयारी असेल आणि जवळ असं महाविद्यालय असेल तर तो बघा. दोन वर्षांत कमावतं व्हायचं असेल तर आज डीएलएड हाच रस्ता आहे. गोव्यात राहत असाल तर पर्वरीच्या डाएटची चौकशी करा. तिथल्या सरकारी नोकरीला कोकणी यावी लागते, हेही लक्षात ठेवा.

पुरुष शिक्षकांना पहिली देतात का?

द्विशिक्षकी शाळेत निम्मे वर्ग ज्याचे त्याला, तिथे निवड नसते. मोठ्या शाळांत ‘पहिली बाईंना द्या’ म्हणायची रीत आहे, आणि त्यात कौतुक कमी, टाळाटाळ जास्त. माझ्या ओळखीत पहिलीचा सगळ्यात चांगला वर्ग एका सरांचा आहे. मिशा भरघोस, आवाज इतका खालचा की मुलं ऐकायला पुढे सरकतात.

न ओरडता, न मारता तीस मुलं आवरतात का?

मारायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे, तिथे चर्चा नको. ओरडण्याचं सांगते.

नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मी एकदा टेबलावर डस्टर आपटून जोरात ओरडले. वर्ग एकदम शांत. मला वाटलं, जमलं. मग तिसऱ्या रांगेतल्या मुलाच्या पायाखाली ओल दिसली. तो माझ्यावर ओरडला नव्हता, गोंधळ घालत नव्हता, नुसता पाटीवर ‘र’ काढत बसला होता. शेजारच्या बाईंनी त्याला कपाटातली चड्डी दिली. मला काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

काय चालतं ते सांगते. आवाज चढवण्याऐवजी उतरवा. एक ठरलेली टाळी ठेवा, तुम्ही दोनदा वाजवली की मुलांनी तीनदा. पंधरा मिनिटांहून जास्त एका जागी बसवू नका, सहा वर्षांचं शरीर बसत नाही. आणि वर्ग सारखा हाताबाहेर जात असेल तर आधी बघा, तुम्ही दिलेलं काम फार सोपं आहे की फार अवघड.

पुस्तकांशिवाय आणखी कुठून शिकावं?

जमलं तर डहाणू तालुक्यात कोसबाडला जाऊन या. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि अनुताई वाघ पहिल्यापासून त्यांच्यासोबत होत्या. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्या शाळाच कुरणात घेऊन गेल्या. कुरणशाळा. साहित्य म्हणजे पानं, बिया, खडे, शंख-शिंपले.

माझ्या वर्गातली सात-आठ मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. पटावर असतात, बाकावर नसतात. तेव्हा मला कुरणशाळा आठवते, आणि माझ्याकडून ते होत नाही, हेही आठवतं. जाताना प्रत्येकाच्या पिशवीत एक वाचनाचं पुस्तक आणि गठ्ठा बांधायचं रबर टाकते. दोघं-तिघं परत येताना आणतात.

शिकवण्याशिवाय काय काय करावं लागतं?

पोषण आहाराचा हिशोब, युडायसवर (शाळांच्या सरकारी नोंदणीवर) भरायची माहिती, आधार जुळवणी, मतदार यादी, जनगणना, निरनिराळ्या सप्ताहांचे फोटो. प्रशिक्षणात यातलं काही शिकवत नाहीत. आंतरवासितेत मुख्याध्यापकांशेजारी बसून एक महिनाभराचा तांदळाचा हिशोब स्वतः लिहून बघा, पुढे डोकं कमी फिरेल.

आंतरवासितेच्या पहिल्या दिवशी सोबत काय आणू?

टाचणवही आणालच. शिवाय दोन डझन रबर, नखं कापायचं यंत्र, सेफ्टी पिना, शेंबूड पुसायला जुनं सुती कापड. बारीक चित्रांनी भरलेला मोठा तक्ता करू नका, मागच्या रांगेतून दिसत नाही. त्यापेक्षा हातात धरता येतील अशी दहा चित्रं. शक्य झालं तर वर्गात सगळ्यांच्या आधी पोहोचा आणि मुलांच्या बाकावर बसून फळा बघा, खिडकीचा उजेड कुठे चमकतो ते कळेल. आणि कपाटात ठेवायला सहा वर्षांच्या मुलाच्या मापाची एक धुतलेली चड्डी.